पोरांच्या हातात कादंबरी कुणी दिली?



आजच्या विषयाचं मूळ एका साध्या प्रसंगात आहे, तो आधी सांगते. काही महिन्यांपूर्वी एका वाचनालयात बोलायला गेले होते. कार्यक्रम संपला, चहा चालू होता. एक बाई हातात वही घेऊन आल्या. म्हणाल्या, "ताई, मुलगी नववीत आहे. बालवाङ्मयाची पुस्तकं आता तिला लहान पोरांची वाटतात, आणि मोठ्यांची द्यायची म्हटलं तर मलाच भीती वाटते. दहा कादंबऱ्यांची नावं लिहून द्या ना."

मी काही फार विचार केला नाही. उभ्या उभ्या लिहून दिली. 'श्यामची आई', 'फास्टर फेणे', 'चौघीजणी', 'पाडस', 'बनगरवाडी', 'स्वामी', 'मृत्युंजय', 'झोंबी', 'वनवास', 'शाळा'. झाली दहा. बाई खूश, मीही खूश.

रात्री घरी आल्यावर ती यादी डोक्यातून जाईना. दोन गोष्टी लक्षात आल्या. एक म्हणजे, यादीतलं सगळ्यांत नवं पुस्तक २००४ सालचं. त्या मुलीच्या जन्माच्याही आधीचं! आणि दुसरी जास्त बोचणारी. मी चौदा वर्षांच्या मुलीसाठी यादी केली होती, आणि त्यात त्या वयाच्या आसपासची मुलगी मुख्य पात्र आहे असं पुस्तक एकच, 'चौघीजणी'. म्हणजे शांता शेळक्यांनी मराठीत आणलेली अमेरिकेतल्या चार बहिणींची गोष्ट. आपल्याकडची एकही नाही.

मी इतिहासाची विद्यार्थिनी. त्यामुळे स्वतःची चूक झाली की तिच्यामागे दोनशे वर्षांचं कारण शोधायची मला सवय आहे. (हशा) पण खरंच, माझ्या हातून ती यादी आपोआप उतरली, याचा अर्थ ती माझी नव्हतीच. ती मला मिळालेली होती. मग ती केली कुणी? मराठी मुलांनी कोणती कादंबरी वाचावी हे आजवर कोण ठरवत आलं, आणि कशाच्या भीतीने ठरवत आलं? आज एवढंच बोलणार आहे.

सुरुवात आपल्याला वाटते त्यापेक्षा लांबून होते, तंजावरहून. सरफोजीराजांच्या कारकिर्दीत, १८०६ साली, तिथे 'बालबोधमुक्तावली' छापली गेली. इसापच्या गोष्टींचं मराठी. नंतर इकडे मुंबईत सदाशिव काशीनाथ छत्रे यांनी १८२८ च्या सुमारास इसापनीती आणि 'बाळमित्र' ही पुस्तकं केली. 'बाळमित्र' मूळ फ्रेंच, इंग्रजीतून मराठीत आलेलं. पुढे १८७३ मध्ये अमेरिकन मिशनचं 'बालबोधमेवा' निघालं आणि १८८१ पासून विनायक कोंडदेव ओक यांचं 'बालबोध' मासिक. ओकांनी ते तीसहून अधिक वर्षं चालवलं. एकट्या माणसाने, नेमाने. आज मासिक काढणाऱ्यांनी त्यांच्या नावाने एक उदबत्ती लावावी इतकं ते काम मोठं आहे.

पण या सगळ्यांत एक समान गोष्ट आहे. वाचणारा तो 'बाल'. आणि बालाला गोष्ट कशासाठी द्यायची? बोधासाठी. गोष्ट ही गुळाची, आत औषध. मिशनचं औषध वेगळं, ओकांचं वेगळं, पण गूळ तोच. यात कादंबरीला जागा नव्हती. कारण कादंबरी लांब असते, आणि लांब गोष्टीत माणसं आपल्या मनाने वागायला लागतात. त्यांचं तात्पर्य चार ओळींत सांगता येत नाही.

आता त्याच काळात मराठी कादंबरी जन्माला येत होती. १८५७ चं बाबा पदमनजींचं 'यमुनापर्यटन', १८६१ ची लक्ष्मणशास्त्री हळब्यांची 'मुक्तामाला', १८६८ ची नारो सदाशिव रिसबुडांची 'मंजुघोषा'. या 'मंजुघोषा'च्या प्रस्तावनेत रिसबुडांनी एक मोठी प्रामाणिक कबुली दिली आहे. त्यांच्या म्हणण्याचा आशय असा, की आपल्या लोकांच्या रोजच्या जगण्यात, आपल्या विवाहाच्या पद्धतीमुळे आणि इतर कारणांमुळे, गोष्ट रंगावी असं काही घडतच नाही. जे रोज अनुभवतो ते लिहिलं तर त्यात मन गुंतणार नाही. म्हणून मग राजकन्या, जादू, अद्भुत प्रवास यांच्याकडे वळावं लागतं.

हे वाक्य लक्षात ठेवा, कारण पुढचा सगळा इतिहास म्हणजे या वाक्याला दिलेलं उत्तर आहे. आणि योगायोग बघा. त्याच १८६८ साली तिकडे अमेरिकेत लुइझा मे अल्कॉटने एका घरातल्या चार बहिणींच्या रोजच्या जगण्यावर कादंबरी लिहिली. तीच ही 'चौघीजणी'. प्रकाशकाने मुलींसाठी काहीतरी लिहा म्हणून मागणी केली होती, आणि तिने आपल्याच घरातून गोष्ट काढली. भांडणं, शिवणकाम, जुने कपडे, आजारपण. रिसबुड म्हणतात रोजच्या जगण्यात गोष्ट नाही. अल्कॉट म्हणते, आहे की.

आता रिसबुड चुकले असं म्हणून मोकळं होता येणार नाही. त्यांच्या म्हणण्यात एक कडू सत्य होतं. चौदा वर्षांची मुलगी नायिका करायची, तर तिला चौदाव्या वर्षी मुलगी म्हणून जगायला मिळालं पाहिजे ना! त्या काळात दहा-बारा वर्षांची मुलगी सासरी असायची. १८९१ मध्ये संमतिवयाचा कायदा झाला, तेव्हा वय दहावरून बारावर नेलं, तर केवढा गदारोळ झाला. १९२९ च्या सारडा कायद्याने मुलींचं लग्नाचं वय चौदा आणि मुलग्यांचं अठरा केलं. म्हणजे 'किशोरवय' ही निसर्गाने दिलेली गोष्ट असली, तरी समाजात तिला जागा कायद्याने, शाळेने आणि मॅट्रिकच्या परीक्षेने करून दिली. आधी मुलग्यांना, मग पुष्कळ उशिरा मुलींना. ज्या वयाला समाजात जागा नाही, त्या वयाचा वाचक नाही. आणि वाचक नाही तर पुस्तक तरी कुणासाठी लिहायचं?

मुलगे मात्र हायस्कुलात होते, आणि ते कादंबऱ्या वाचायला लागले होते. तिथून भीतीला सुरुवात झाली. १८७२ सालचा काशीनाथ बाळकृष्ण मराठे यांचा 'नावल व नाटक ह्यांविषयीं निबंध' प्रसिद्ध आहे. आपल्याकडे कादंबरी नीट रुजलीही नव्हती, तेवढ्यात तिच्या बऱ्यावाईटाची चर्चा सुरू झाली. मग १९०२ मध्ये इतिहासाचार्य राजवाड्यांनी 'कादंबरी' या नावाचा मोठा निबंध लिहिला. तोपर्यंत रेनॉल्ड्सच्या कादंबऱ्यांची भाषांतरं आणि रूपांतरं मराठीत आली होती, आणि तरुण मंडळी ती वाचत होती.

ही कोंडी हरिभाऊ आपट्यांनी फोडली. १८९० मध्ये त्यांनी 'करमणूक' काढलं. घरात सगळ्यांसमोर वाचता येईल असं साप्ताहिक. त्यात त्यांच्या ऐतिहासिक कादंबऱ्या क्रमशः येऊ लागल्या. इथे एक गंमत झाली. कादंबरीला घरात घ्यायला तयार नसलेला बाप शिवाजीमहाराजांच्या काळातली गोष्ट म्हटल्यावर काय म्हणणार? इतिहास हा कादंबरीचा परवाना झाला. हा परवाना मराठीत अजून चालू आहे. आजही 'मुलगा कादंबऱ्या वाचतो' म्हटलं तर कपाळाला आठ्या, आणि 'मुलगा ऐतिहासिक वाचतो' म्हटलं की कौतुक!

पण 'करमणूक'मध्येच, १८९० ते ९३ या काळात, 'पण लक्षात कोण घेतो' छापून येत होती. यमूची कहाणी. लहानपणापासून लग्न, सासर, वैधव्य, केशवपनापर्यंत, सगळं तिने स्वतः 'मी' म्हणून सांगितलेलं. रिसबुडांना उत्तर मिळालं होतं. रोजच्या जगण्यात गोष्ट आहे, आणि ती अंगावर काटा आणणारी आहे. मुलीच्या तोंडून आपल्या भाषेत सांगितलेली गोष्ट आपल्याकडे एकोणिसाव्या शतकातच होती. पण ती कुणाच्या 'मुलांसाठी' यादीत गेली नाही. ती मोठ्यांना लाज वाटावी म्हणून लिहिली होती, आणि मोठ्यांनी ती मोठ्यांच्याच कपाटात ठेवली.

आता तीसच्या दशकात येऊ. साने गुरुजी १९२४ ते ३० या काळात अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये शिक्षक होते, वसतिगृहाचं काम बघत होते. तिथे ते मुलांसाठी 'छात्रालय दैनिक' काढायचे. हस्तलिखित! रोज! विचार करा, घरापासून लांब राहणारी दहा-पंधरा वर्षांची मुलं, आणि त्यांच्यासाठी दिवसभराचं काम उरकल्यावर लिहीत बसणारा शिक्षक. किशोरवयीन वाचक म्हणजे काय, हे गुरुजींना कुठल्या सिद्धान्तातून कळलं नव्हतं. त्यांना ती मुलं नावानिशी माहीत होती. पुढे फेब्रुवारी १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात त्यांनी पाच दिवसांत 'श्यामची आई' लिहिली, आणि १९३५ मध्ये ती प्रसिद्ध झाली.

ती कादंबरी आहे की गोष्टींचा संग्रह, हा वाद सोडून देऊ. तिची प्रकरणं म्हणजे रात्री आहेत. रोज रात्री श्याम आश्रमातल्या मित्रांना आठवणी सांगतो. म्हणजे वसतिगृहातली ती संध्याकाळची बैठकच पुस्तकात आली आहे. नंतर अत्र्यांनी १९५३ मध्ये चित्रपट केला, त्याला पहिलं राष्ट्रपती सुवर्णपदक मिळालं, आणि पुस्तक घराघरांत गेलं.

पण घराघरांत जाताना त्याचं काय झालं, हेही बघायला हवं. ते बक्षीस द्यायचं पुस्तक झालं. संस्कारांचं पुस्तक झालं. आपण मुलांना सांगतो, "वाच, म्हणजे आईशी कसं वागायचं ते कळेल." पुन्हा तोच ओकांच्या काळातला गूळ! खरं तर त्या पुस्तकात काय आहे? उतरती कळा लागलेलं घर. कर्ज, सावकाराचा तगादा, चारचौघांत झालेला अपमान. पोहायला जायचं नाही म्हणून लपून बसणारा, मार खाणारा मुलगा. आणि शेवटी आईच्या मरणाला वेळेवर पोहोचू न शकल्याचा सल. घरातल्या पैशांच्या विवंचनेबद्दल मुलाशी इतकं उघड बोलणारी पुस्तकं आपल्याकडे आजही फार नाहीत. मी अनेक शाळांमध्ये मुलांना विचारलंय, श्यामची आई कशाने गेली? घर का विकावं लागलं असतं? शांतता. पण तात्पर्य मात्र सगळ्यांना पाठ! पुस्तक चुकीचं नव्हतं, शिफारस चुकीची होती. आपण मुलांच्या हातात पुस्तक दिलं आणि सोबत उत्तरही देऊन टाकलं.

त्याच सुमाराला ना. धों. ताम्हनकरांचा 'गोट्या' आला. आईवडील नसलेला, दुसऱ्यांच्या घरात वाढणारा मुलगा. पुढे दूरदर्शनवर मालिका झाली, ती तुमच्यापैकी अनेकांनी पाहिली असेल. ताम्हनकरांनी 'चिंगी'ही लिहिली, हे मुद्दाम सांगते. गोट्या सगळ्यांच्या लक्षात राहिला. चिंगी किती जणांच्या लक्षात आहे? हात वर करा. बघा, पाच.

मग भा. रा. भागवत. जन्म १९१०. यांनी एक निराळंच काम केलं. तोपर्यंत मोठी माणसं मुलांना पुस्तक सुचवायची. भागवतांनी मुलांनी मुलांना सुचवावं असं पुस्तक लिहिलं. ज्यूल व्हर्न त्यांनी मराठीत आणला, 'चंद्रावर स्वारी', 'मुक्काम शेंडेनक्षत्र'. आणि स्वतःचा बनेश फेणे उभा केला. फुरसुंगीचा, पुण्यात विद्याभवनात शिकणारा, काडीसारखा बारीक, तोंडाने 'ट्टॉक' करणारा, सायकलवरून कुठेही पोहोचणारा. बनेश कुणाला उपदेश करत नाही. तो चुकतो, धडपडतो, संकटात उडी घेतो आणि निसटतो. त्याच्या गोष्टींत मोठी माणसं असतात, पण वेळेवर येत नाहीत. कुमारवयाच्या वाचकाला नेमकं हेच हवं असतं. मोठी माणसं असावीत, पण जरा उशिरा यावीत.

फास्टर फेणेला घरातून परवानगी होती. पण त्याच वयाच्या मुलाच्या दप्तरात आणखी एक पुस्तक असायचं, वर्तमानपत्राचं कव्हर घातलेलं. बाबूराव अर्नाळकर. झुंजार आणि काळापहाड. हजारावर रहस्यकथा लिहिल्या त्यांनी. पुढच्या पिढीला गुरुनाथ नाईक मिळाले, नंतर सुहास शिरवळकर. ही पुस्तकं रोजच्या भाड्याने देणाऱ्या लायब्रऱ्या गल्लोगल्ली होत्या. शाळेच्या यादीत यातलं काहीही नव्हतं. पण इथे जमलेल्या ज्येष्ठांना विचारा, सलग दोनशे पानं वाचायचा दम कुठून आला? खरं सांगतील ते. एका दिवसात संपवलं नाही तर दुसऱ्या दिवसाचं भाडं भरावं लागायचं! वेगाने वाचणं अर्नाळकरांनी शिकवलं आणि त्या वेगाचा फायदा पुढे खांडेकरांना आणि रणजित देसाईंना झाला. मराठी वाचनाच्या इतिहासात या छुप्या यादीला कुणी श्रेय दिलेलं नाही, म्हणून आज देऊन ठेवते.

आता १९६७ साल. या एका वर्षात तीन गोष्टी घडल्या. तिन्हींचा एकमेकींशी काही संबंध नाही, पण शेजारी ठेवल्या की चित्र स्पष्ट होतं.

पहिली अमेरिकेत. 'द आउटसायडर्स' ही कादंबरी आली. लेखिका एस. ई. हिंटन, ओक्लाहोमा राज्यातल्या टल्साची, लिहायला सुरुवात केली तेव्हा स्वतः शाळेत होती. टोळ्यांमध्ये मारामाऱ्या करणाऱ्या पोरांची गोष्ट. तिकडे ग्रंथपालांची परंपरा जुनी. मुलांच्या उत्तम पुस्तकासाठीचं न्यूबेरी पदक ग्रंथपालांची संघटना १९२२ पासून देत होती. पण किशोरांसाठी, किशोराच्या आवाजात लिहिलेली कादंबरी हा स्वतंत्र प्रकार म्हणून उभा राहिला तो या पुस्तकाच्या आसपास. आणि एक बारीक गोष्ट. लेखिका मुलगी आहे हे कळलं तर मुलगे पुस्तक हातात घेणार नाहीत, म्हणून नावाची नुसती आद्याक्षरं छापली. म्हणजे तिकडेही सगळं आलबेल नव्हतं.

दुसरी गोष्ट आपल्याकडची. त्याच वर्षी शिवाजी सावंतांची 'मृत्युंजय' आली. त्याआधी १९६२ मध्ये 'स्वामी' आली होती. आपल्याकडचा नववी-दहावीतला मुलगा फास्टर फेणे संपवून थेट इथे येऊ लागला. मधली पायरी नव्हतीच, त्याने एकदम उडी मारली. यात फायदा झाला, हे मान्य करायला हवं. भाषा श्रीमंत झाली, दम वाढला. पण तोटाही झाला. तेराव्या-चौदाव्या वर्षी मुलाला जे प्रश्न पडतात, शरीराचे, मित्रांचे, नापास होण्याचे, बापाच्या रागाचे, त्यांची उत्तरं तो कर्णाच्या दुःखात शोधत बसला. कर्ण मोठाच. पण तो नववीच्या वर्गात बसलेला नाही.

तिसरी गोष्ट म्हणजे महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय कायदा, तोही १९६७ चाच. रत्नागिरी, पुणे, ठाणे इथली वाचनालयं त्याच्या कितीतरी आधीची, एकोणिसाव्या शतकातली. पण या कायद्यानंतर गावोगावच्या वाचनालयांना अनुदान मिळू लागलं, अ-ब-क-ड वर्ग ठरले, पुस्तकांच्या निवडीला सरकारी चौकट आली. मूल आणि पुस्तक यांच्यामध्ये आता आईबाप, शिक्षक यांच्याबरोबर शासनही उभं राहिलं. चांगल्या अर्थानेही. कारण चार वर्षांनी, १४ नोव्हेंबर १९७१ ला, बालभारतीने 'किशोर' मासिक सुरू केलं. नाव बघा, 'बाल' नाही, 'किशोर'. ते वय आहे, याची नोंद सरकारदरबारी झाली! आज त्याचे जुने अंक इंटरनेटवर फुकट वाचायला मिळतात. घरी गेल्यावर जरूर बघा.

यापुढचा टप्पा मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो. आनंद यादवांची 'झोंबी' १९८७ ची. शिकायचं म्हणून बापाशी झोंबी घेणारा कागलचा मुलगा. प्रकाश नारायण संतांचं 'वनवास' १९९४ चं, आणि त्यानंतरची लंपनची पुस्तकं. तिकडच्या कानडी वळणाच्या मराठीत विचार करणारा, आईवडिलांपासून लांब आजीआजोबांकडे राहणारा लंपन. आणि मिलिंद बोकील यांची 'शाळा', २००४. आणीबाणीच्या काळातला नववीचा वर्ग. यांतलं कुठलंही पुस्तक 'किशोरांसाठी' असा शिक्का मारून आलं नाही. ती त्या वयाबद्दल मोठ्यांसाठी लिहिली गेली, आणि मुलांनी आपण होऊन उचलली. रिसबुडांच्या त्या वाक्याला इतकं पूर्ण उत्तर त्याआधी मिळालं नव्हतं. नववीच्या वर्गात, मधल्या सुट्टीत, आजीच्या घरात गोष्ट आहे. राजकन्येची गरज नाही.

पण आता माझ्या त्या दहा नावांकडे परत येऊ. श्याम, बनेश, आनंदा, लंपन, 'शाळा'तला मुकुंद. सगळे मुलगे. 'पाडस'मधला ज्योडीसुद्धा मुलगाच. 'शाळा' मला अत्यंत आवडते. पण त्यातली शिरोडकर आपल्याला दिसते ती मुकुंदच्या डोळ्यांतून. ती त्या सगळ्या काळात घरी काय विचार करत होती? तिला काय सहन करावं लागलं? तिच्या बाजूने ती गोष्ट आपल्याला कुणी सांगितली नाही. यात बोकिलांचा काही दोष नाही, त्यांनी मुकुंदची गोष्ट लिहिली आणि ती खरी लिहिली. दोष असलाच तर माझ्यासारख्या यादी करणाऱ्यांचा आहे. मुलीने मुलग्याची गोष्ट वाचावी हे आपण गृहीत धरतो. मुलग्याला 'चौघीजणी' कोण देतं? मला तरी क्वचितच कुणी दिलेली आठवते.

अलीकडे परिस्थिती थोडी हलते आहे. साहित्य अकादमीचा बालसाहित्य पुरस्कार २०१० पासून सुरू झाला. २०२४ मध्ये मराठीसाठी तो भारत सासणे यांच्या 'समशेर आणि भूतबंगला' या कादंबरीला मिळाला. मोठ्यांसाठी लिहिणारा मान्यवर लेखक मुलांसाठी कादंबरी लिहितो, हे चांगलंच लक्षण आहे. पण अशी पुस्तकं वाचनालयाच्या फडताळापर्यंत आणि तिथून मुलांच्या हातापर्यंत पोहोचायला हवीत. तो शेवटचा टप्पा यादीने होत नाही, माणसाने होतो. अमळनेरच्या वसतिगृहात झाला तसा.

तर या सगळ्या इतिहासातून मी स्वतःसाठी काय शिकले, ते सांगून थांबते. तुम्हाला पटलं तर घ्या.

पहिलं म्हणजे, पुस्तक सुचवताना मला कशाची भीती वाटते आहे, हे आधी स्वतःला विचारायचं. मिशनला धर्माची काळजी होती, एकोणिसाव्या शतकातल्या विद्वानांना नीतीची, आमच्या पालकांना मार्कांची. त्या बाईंनी तर सरळच सांगितलं, भीती वाटते म्हणून. हे सांगणं फार प्रामाणिक होतं. दुसरं, पुस्तक देताना तात्पर्य द्यायचं नाही. 'श्यामची आई' द्या, पण "बघ, कसा गुणी मुलगा" असं म्हणू नका. नंतर कर्जाबद्दल बोला. तिसरं, कव्हर घातलेल्या पुस्तकाला घाबरायचं नाही. मूल रहस्यकथा वाचत असेल तर ते वाचतं आहे, एवढं पुरे. चौथं, एक पुस्तक देऊ नये, तीन द्यावीत, आणि दोन परत करायची मोकळीक द्यावी. नावडलेलं पुस्तक अर्धवट सोडता येणं हाही वाचकाचा हक्क आहे, आणि तो आपण स्वतः रोज बजावतो.

त्या बाईंना मी नंतर फोन केला. यादी दुरुस्त करायची आहे म्हटलं. 'मृत्युंजय' राहू द्या, पण सोबत हरिभाऊंची यमू द्या. भाषा जुनी आहे, पहिली तीस पानं दोघींनी मिळून मोठ्याने वाचा. आणि वाचून झाल्यावर तुमच्या आजीचं लग्न कितव्या वर्षी झालं होतं, ते मुलीला सांगा. बाई क्षणभर गप्प झाल्या. मग म्हणाल्या, "अकराव्या. मुलीला हे माहीतच नाही."

परवा त्यांचा निरोप आला. मुलगी पन्नास पानांवर आहे, आणि रागावली आहे. कुणावर, ते अजून सांगत नाही.